काळ्या रंगाखाली

मास्तर, रंगारी आणि आणखी दोघं, असे जुन्या गाड्यांच्या वेडापायी जमलेले चार दोस्त दर रविवारी मास्तरांच्या अंगणात त्यांची खटारा झालेली जीप दुरुस्त करत. इंजिन एकदाचं धडधडलं, तसं मास्तरांनी रंगाऱ्याला बॉनेटवरचा काळा रंग खरवडायला सांगितलं. काळ्याखाली हिरवा निघाला आणि त्या हिरव्यावर एक पांढरा घोडा.

रंगाऱ्यानं खरवडणी खाली ठेवली. वीस वर्षांपूर्वी "हिरवी जीप... पांढरा घोडा," एवढंच बोलून त्याच्या थोरल्या भावानं भर रस्त्यात त्याच्या मांडीवर जीव सोडला होता. भावाला उडवून पळालेला गाडीवाला कधीच सापडला नाही.

"ही गाडी कुणाची होती, मास्तर?"

"माझ्या वडिलांची."

रंगाऱ्यानं जॅकचा दांडा उचलला. पहिल्या घावात मास्तरांचा खांदा निखळला, दुसऱ्यात गुडघा फुटला. तिसरा डोक्यात बसणार, तोच बाकीच्या दोघांनी त्याला कवेत धरून मागं खेचलं.

"सोडा त्याला," रक्तात पडलेले मास्तर कण्हले.



"बाप मेल्यावरही तोंडानं सांगायची छाती झाली नाही रे, म्हणून तर रंग खरवडायला तुलाच बोलावलं."