कोळशाची ज्योत

मनोऱ्याच्या टोकावर ज्योत डौलात जळत होती आणि खाली कंट्रोल रूममध्ये ग्लेनिसचा जीव टांगणीला लागला होता.

खाणीतल्या कोळशाचा वायू करून त्यावर वीज काढायचा हा नवा प्रकल्प; ज्योत ही वायू निघत असल्याची खूण. कोळशातून वायू सुटू लागला की पेटवणीपुरता घेतलेला विकतचा वायू बंद करायचा, हा नियम. पण ऑस्ट्रेलियातल्या या लॅट्रोब खोऱ्यातला तपकिरी कोळसा नुसता ओलागच्च. त्याच्या वायूवर ज्योत चार मिनिटंही टिकत नसे. आज प्रकल्पाचे पैसेवाले येणार म्हणून मॅनेजरने बजावलं होतं, "विकतच्या वायूच्या चावीला हात लावायचा नाही."

बाहेर खाणकामगारांनी सॉसेजची शेगडी मांडली होती. चिमटा तिच्या नवऱ्याच्या, नॉर्मच्या हातात. खाण सोडणाऱ्यांना कंपनी दीड वर्षाचा पगार देत होती. उद्यापर्यंत कळवायचं होतं. नॉर्म रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोऱ्याकडे बोट दाखवायचा, "ती जळतेय तोवर खाण कुठे जात नाही, ग्लेन!"

पैसेवाल्यांतले हॅलोरन आत आले. तिला राहवेना.

"साहेब, ही ज्योत कोळशाची नाही. विकतच्या वायूची आहे."

"ठाऊक आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले. "त्याच वायूवर सरळ वीज केली तर निम्म्या खर्चात होईल. पण तिला अनुदान नाही. कोळशाच्या नावावर दोन वर्षं मिळतं."

"आणि दोन वर्षांनी?"

"तोट्यात कोण जाळेल?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "फोटोपुरती जरा मोठी करता?"

ग्लेनिसने बदलीच्या माणसाला खुर्ची दिली आणि ती तडक शेगडीपाशी आली. रांग लांबलचक होती. सगळे हसतखिदळत वर बघत होते. तिला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ती वाकली आणि तिने सिलिंडरची चावी फिरवली. शेगडी विझली.

"अगं, काय करतेस?" नॉर्म ओरडला.

"वरची ज्योतही अशीच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "कोळशाची नाहीच ती. पैसे घे आणि सूट, नॉर्म."

नॉर्मने चावी पुन्हा उघडली, काडी ओढली.

"मी कालच पैसे नकोत म्हणून कळवलं," तो म्हणाला आणि रांगेतल्या पुढच्याकडे वळला. "कांदा घालू?"