पिवळ्या फुलाचं पाणी

“झोप लागते का?” फुलताईंनी विचारलं.

“पहाटे लागते थोडी,” पडदेवाली म्हणाली. “पण स्वप्नात तेच वळण येतं.”

खोलीतल्या लांब टेबलावर काचेचे वाडगे मांडलेले होते. प्रत्येकात पाणी, पाण्यावर एकेक फूल. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडे आणि त्याचे कवडसे छतावर हलत राहत, जणू सगळी खोलीच एखाद्या तळ्याच्या तळाशी आहे. इथं बसलं की पडदेवालीला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. घरी तो कुठं हरवायचा कोण जाणे.

फुलताईंचं नाव गावभर झालं होतं. फुलं पाण्यात घालून उन्हात ठेवायची आणि त्या पाण्याचे थेंब द्यायचे, हा त्यांचा उद्योग. भीतीला एक फूल, रागाला दुसरं, एकटेपणाला तिसरं. मी डॉक्टर नाही, हे त्या आधीच सांगून टाकायच्या. कुणाला गुण यायचा, कुणी नुसतंच घटकाभर निवांत बसून जायचं. पडदेवालीला मात्र त्यांच्याकडे कुणी पाठवलं नव्हतं. तिनंच घर शोधून काढलं होतं, आणि आत शिरायचा धीर होईपर्यंत कितीदा तरी फाटकावरूनच माघारी फिरली होती.

पहिल्या दिवशी तिनं मोजकंच सांगितलं. वळणावर गाडीनं सायकलला उडवलं. तेव्हापासून घराची रयाच गेली. पडदे शिवायला बसलं की मशीनच्या आवाजात ब्रेक ऐकू येतो, टीप वाकडी जाते.

फुलताईंनी खोदून काही विचारलं नाही. बाटलीवर लिहायला फक्त आडनाव विचारलं. तिनं ते सांगितलं तेव्हा त्यांचं पेन जरा अडखळलं. मग त्या उठल्या, खिडकीशी बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि लहानशा पिवळ्या फुलाचा वाडगा घेऊन परत आल्या.

“हे कशासाठी?”

“मनाला आतून काही टोचत राहतं ना, त्यासाठी.”

“आणि दुःखासाठी?”

“ते पांढरं फूल. सध्या मलाच पुरत नाही,” म्हणत फुलताई किंचित हसल्या. पडदेवालीच्याही ओठांवर काहीतरी हललं. हसू कसं असतं ते ती विसरली नव्हती तर.

घरी मुलाच्या खोलीचं दार बंद असे. रोज दुपारी ती दाराबाहेर ताट ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला. काही वेळानं दोन्ही तसंच उचलून स्वयंपाकघरात न्यायची; रात्री झाकून ठेवलेली भाकरी तेवढी सकाळी नसायची. धाकटी बहीण आली की हे बघून तिचा जीव तुटायचा. या खोलीपायी तू स्वतः संपून जाशील, असं ती परोपरीनं सांगून जायची. पडदेवाली ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट वाढायची.

एकदा तिनं भीत भीत फुलताईंना सांगितलं, की मी हे थेंब त्याच्या पाण्यातही टाकते. वेडेपणाच वाटेल तुम्हाला.

“टाकत जा,” फुलताई म्हणाल्या. एवढंच.

दिवस असे पाण्यावरून तरंगत गेले. पडदेवाली आता थेंब संपायच्या आधीच यायची. फुलताई फुलं खुडत, ती वाडगे धुऊन पुसून ठेवी. एकदा तिनं खिडकीचा विटका पडदा काढून नवा शिवून आणला. त्याची टीप सरळ होती. तो लावल्यावर खोलीतलं ऊन दुधासारखं झालं आणि दोघी त्या उजेडात बसून राहिल्या.

व्हरांड्यात फुटबॉलच्या बुटांची एक जोडी होती. फुलताईंनी तिच्यात माती भरून जांभळ्या फुलांची रोपं लावली होती. येणारेजाणारे कौतुक करायचे. पडदेवाली तेवढी तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायची.

मग एका दुपारी तिनं ताट उचललं तर दोन घास कमी वाटले. आपल्याला भास झाला असेल, म्हणून तिनं ते मनातच ठेवलं. काही दिवसांनी अंगणातून पाहिलं तर खोलीच्या खिडकीचा पडदा वीतभर बाजूला सरकलेला. तिनं त्याला हात लावला नव्हता. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं. हातातलं काम टाकून ती तशीच फुलताईंकडे धावली.

फुलताईंनी सगळं ऐकलं. त्यांनी तिला खुळ्यात काढलं नाही, की समजूतही घातली नाही. वाडग्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्या ते हळूहळू फिरवत राहिल्या.

त्यानंतर मध्ये बरेच दिवस पडदेवाली फिरकली नाही. आली ती सकाळीच, धुतलेली साडी नेसून, मनाशी काही ठरवून. खुर्चीवर न बसता ती दाराशीच उभी राहिली.

“ताई, मी आता यायची नाही,” ती म्हणाली. “इतके दिवस तुमच्याकडून घेत राहिले, आणि खरं सांगायचं तर…”

डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. फुलताईंनी तिला रडू दिलं. मग त्यांनी एक बाटली भरली, बूच घट्ट लावलं, आणि तिचा हात हातात घेऊन त्यात ती ठेवली.

“माझी अजून अर्धी शिल्लक आहे, ताई.”

“ही तुमच्या मुलाला द्या. म्हणावं, त्या दिवशी गाडी तुझ्या हातात होती, पण आता खोलीतून बाहेर ये. सायकलवर जो होता, त्याच्या आईनं सांगितलंय.”