साहेबांचं कपाट

टक.

एवढासाच आवाज, पण सकाळपासून घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं, त्यामुळे तो दोघांनाही ऐकू गेला. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली. फरशीवर मांडी घालून बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. काचेच्या कपाटातला दिवा लागला होता.

"आता कोणी लावला?" त्याने विचारलं.

"मी इथे बसलेय. तुझ्या डोळ्यांसमोर."

त्याने खिडकीपाशी चित्र रंगवत बसलेल्या लेकीकडे पाहिलं. तिने न विचारताच जोरजोरात मान हलवली.

कपाट म्हणजे खरं तर थंड बाटल्यांचा, दुकानातून भंगारात गेलेला फ्रीज. नवरा फ्रीज दुरुस्त करणारा. आयुष्यभर लोकांच्या घरी गारवा पोचवला, आता स्वतःच्या घरात पाळलेल्या हातभर लांब सरड्यासाठी ऊब करायला निघाला होता. ऊब नसेल तर त्याला खाल्लेलं पचत नाही. वर सदा मानेला पीळ, कोणी बोलावलं तर ढुंकून बघत नाही. म्हणून त्याचं नाव साहेब पडलेलं. आत एक जाड फांदी, वर दिवा, आणि गोदामातल्या थंड खोल्यांना लावतात तसला आकडे दाखवणारा कंट्रोलर. आतली हवा तीस अंशांवर धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम.

पण रोज सकाळी पाहावं तर दिवा विझलेला, काच गार आणि साहेब फांदीखाली लाकडासारखे पडलेले. खाणं सुटलं होतं. हिरवा रंग जाऊन अंगावर राख धरली होती. कंट्रोलर नवा, तारा नवऱ्याने स्वतः जोडलेल्या. मग राहिलं कोण? घरात सरडा नको म्हणणारं माणूस एकच होतं.

काल झोपण्याआधी त्याने दिव्याच्या बटणावर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावून ठेवला होता. सकाळी केर काढताना तिला तो दिसला. जसाच्या तसा, आणि दिवा मात्र विझलेला.

"हे काय, चोर पकडायला?" तिने विचारलं होतं.

"पट्टी काढून परत लावता येते," तो म्हणाला होता.

तेव्हापासून घर गप्प होतं.

आता ती उठून कपाटाजवळ आली. खिडकीतलं ऊन सरकत सरकत नेमकं काचेवर आलं होतं.

"ऊन आलं आणि दिवा लागला," ती म्हणाली. "ऊन आल्यावर तो विझायला नको?"

"कंट्रोलर मी बसवलाय."

"म्हणूनच तुला विचारतेय."

तिने कपाटाचं दार उघडलं. तारेच्या टोकाला उडदाच्या दाण्याएवढा काळा मणी होता, हवा किती तापली ते ओळखणारा. तो तिने बाहेर ओढला आणि लेकीच्या ब्रश धुवायच्या पेल्यातल्या गार पाण्यात बुडवला. थोड्या वेळाने टक. दिवा विझला.

मग तिने तो मणी पुसून मुठीत धरला. गारठलेल्या बाळाची पावलं धरावीत तसा, घट्ट. तिघंही कंट्रोलरवरचा आकडा चढताना बघत राहिले.

टक.

"आईच्या मुठीने दिवा लागला!" लेक ओरडली.

नवऱ्याचा चेहरा पडला. तो पुढे झाला, कंट्रोलरची बटणं दाबत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "कूलिंगवर आहे."

"म्हणजे?"

"गरम झालं की चालू, गार झालं की बंद. थंड खोलीला असंच लावतात. मी दुसरं कधी लावलंच नाही. हात आपोआप..."

"म्हणजे दुपारभर भाजायचं, पहाटे गारठवायचं," ती म्हणाली. "आणि आळ माझ्यावर."

त्याने खाली मान घालून कंट्रोलर हीटिंगवर घेतला. मणी आत सोडून दार लावलं. खिडकीचा पडदा ओढला. सगळे वाट बघत राहिले. काच निवत गेली, आकडा उतरला, आणि या वेळी टक झालं ते गारव्याने. फांदीखाली उजेड पडला. साहेबांनी एक डोळा उघडला, समोरच्या मंडळींकडे पाहिलं आणि परत मिटला.

नवऱ्याने बटणावरची चिकटपट्टी नखाने खरवडली, तिची गोळी केली. ती टाकायची कुठे हे न सुचून खिशात घातली.

"तू नव्हतीस," तो म्हणाला.

"हे मला सांगतोयस की स्वतःला?"

"चहा टाकतो," असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

ती तिथेच फरशीवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. आत कपबशा वाजत होत्या. लेक रांगत जवळ आली, मांडीत शिरली आणि हाताचा आडोसा करून तिच्या कानाला लागली.

"आई, मी नाही सांगितलं बाबांना."

"काय नाही सांगितलंस?"

"तू मावशीला फोनवर म्हणालीस ते. हा सरडा एकदाचा मेला तर मी सुटेन, असं."

आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

"सांगू नको ना?" लेकीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. "पण त्यांनी विचारलं तर काय सांगू, आई?"