केवलरामची उजळणी

"नाव?"

"केवलराम."

"बापाचं?"

"बकाराम."

"बायकोचं?"

केवलराम अडला. समोर बसलेल्या बाईकडे नुसता बघत राहिला.

"रुखमा," ती म्हणाली. "केवलरामची बायको रुखमा."

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायला सौंदड गावातली एकही बाई धजत नसे. पण नवराच स्वतःला विसरायला लागला तर बायकोने करायचं काय? रुखमा रोज सकाळी उजळणी घ्यायची, मग अफूची गोळी त्याच्या हातावर ठेवायची. गुडघेदुखीसाठी त्याने कधीकाळी सुरू केलेली मोहरीएवढी गोळी आता चण्याएवढी झाली होती.

केवलराम फार घाबरलेला असे. आईचा चेहरा आठवणीतून पुसला गेला होता. गेल्या वैशाखात अर्जुनीला लागलेलं स्वतःचं लग्नही त्याला आठवत नव्हतं. गावातलं कोणीच वरातीला गेलं नव्हतं, तेव्हा विचारायचं तरी कोणाला?

"मी येडा होऊन राहिलो का वं?"

"काऊन घाबरता? मी आहो ना."

"अन् तो ओट्यावर बसला, तो कोण?"

"माझा भाऊ. तुमचा साळा. तेच तं गोंदियातून गोळ्या आणतात."

"नाव काय त्याचं?"

"कालच तं सांगितलं," म्हणत ती चुलीकडे वळली.

म्हणजे कालचंही गेलं.

तलावाखालचं धानाचं शेत त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. उद्या कोणी फसवून अंगठा घेतला तर? शेवटी तोच म्हणाला, "शेत तुझ्या नावानं करून टाकतो. मी इसरलो तरी तू इसरणार नाही." रुखमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिघं गोंदियाला गेले. कचेरीत कारकुनाने कागद वाचून दाखवला. केवलरामने नाव, बापाचं नाव, गाव, बायकोचं नाव, सगळं न अडखळता सांगितलं. अंगठा उठवला आणि कित्येक दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

"साक्षीदार कोण?" कारकुनाने विचारलं.

"तो, बाहेर बिडी ओढून राहिला तो. हिचा भाऊ." एवढं आठवलं म्हणून केवलराम खूश झाला.

"बाई, भावाचं नाव सांगा."

रुखमाने दाराबाहेर पाहिलं.

"सांगा ना, लिहायचं आहे."

रोज सकाळी बेधडक 'केवलराम' म्हणणाऱ्या रुखमाने पदर पुढे ओढला आणि लाजून मान खाली घातली.