फुलपात्रभर पाणी

कवठ्याच्या चावडीपुढं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी फुलपात्रभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर ढवळली. “लेकराला हगवण लागली की हे पाजत राहा. पाणी तोडू नका; पाण्यावाचूनच मूल दगावतं, हे आम्ही तपासून पाहिलंय.” ऐकायला जमलेल्या बायांत बसलेल्या जाईबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. गेल्या आखाडात ‘पाण्यानं हगवण वाढती’ म्हणणाऱ्या थोरामोठ्यांचं तिनं ऐकलं होतं. तिचा खंडू “आये, पाणी” म्हणत राहिला, आणि तिनंच पाण्याचा गडवा उतरंडीमागं लपवला होता. ती उठून पुढं आली. “बाई, ह्ये तुमास्नी कवा कळलं?” “तीन वर्षं झाली. इंग्रजीत छापलं, सरकारला कळवलं. गावोगाव सांगायची मंजुरी आत्ता...” जाईबाईनं त्यांच्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं. दोन्ही हातांनी धरून, एक थेंबही न सांडता ती ओढ्याकडं चालू लागली. खंडूला तिथंच पुरलं होतं.