काष्टीच्या चौकातली शिकवणी

"थांब. आता सांग, उजवीकडनं कोन येतंय?"

पंकजानं ब्रेक दाबला. काष्टीच्या चौकाअलीकडं गाडी उभी राहिली.

"उसाचा ट्रॅक्टर येतोय आप्पा, दोन ट्रॉल्यांचा. त्याच्या मागं दुधाची पिकअप."

"आन् म्होरं?"

"एक आजी शेळी घेऊन रस्ता ओलांडतायत."

"मग पहिलं कोन जानार?"

"आजी."

"शाब्बास!" आप्पासाहेब खूश झाले. "चौकात उजवीकडचा पहिला, ह्यो नियम. पन पायी चालनारं मानूस नियमाच्याबी आधी. मग ट्रॅक्टर. भरल्या ट्रॉल्या थांबवायच्या म्हंजे त्या गड्याच्या जिवावर येतं."

आप्पासाहेबांची सारी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी गाडी घेतली आणि बायकोला, चांगुणाबाईंना, शेजारी बसवून पै-पाहुण्यांची गावं पालथी घातली. मग चांगुणाबाई गेल्या. पुढं वर्षाच्या आत आप्पांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. "गुडघे धरत्यात, क्लच दाबवत न्हाई," असं पुण्याच्या लेकाला, भागवतला, सांगून टाकलं.

गुडघे ठणठणीत होते. गेले होते ते डोळे. काचबिंदूनं कडेकडेनं नजर खात आणली होती आणि आता मध्ये नुसता धुरकट उजेड उरला होता. हे त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नाही. भागवतला कळलं तर तो आपल्याला उचलून फ्लॅटात नेऊन बसवणार, ही धास्ती होती. त्यांनी उंबऱ्याबाहेर जाणंच सोडलं. छबूबाई सकाळी स्वयंपाक करून जायच्या, ताट निम्मं तसंच राहायचं आणि आप्पा ओसरीवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत राहायचे.

दिवाळी सरली आणि भागवतचा फोन आला. "आप्पा, माझ्या मित्राची बहीण आहे, श्रीगोंद्याला राहते. तिला गाडी शिकायचीय. तुमच्यासारखं कोण शिकवणार? नाही म्हणू नका."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आप्पा हो म्हणाले.

पहिल्या दिवशी पंकजानं गाडी सारखी बंद पाडली. आप्पा घामाघूम झाले, पण त्यातूनच त्यांना युक्ती सुचली. "माझ्या शिकवनीत ड्रायव्हरनं मुकं बसायचं न्हाई," त्यांनी दरडावलं. "जे दिसंल ते बोलून दाखवायचं. चौकात तर समदंच."

पंकजा बोलायला लागली. ती सांगायची, आप्पा ओळखीचा रस्ता मनात जुळवायचे आणि हुकूम सोडायचे. रस्त्याबरोबर बाकीचंही यायला लागलं. ज्वारी पोटऱ्यात आलीय, कुणाच्या दारात मांडव पडलाय, नदीला पाणी किती उरलंय. आप्पा रोज दाढी करायला लागले. ताट चाटून पुसून साफ व्हायला लागलं. छबूबाईंना बसवून घेऊन ते चौकातल्या गमती सांगायचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारख्या.

एकटे असले की मात्र मन टोचायचं. एवढी तरणी पोर, आणि आपण तिला कुणाच्या भरवशावर रस्त्यात घातलंय?

आज बाजाराचा दिवस होता. चौकात बैलं, शेळ्या, टेम्पो, हॉर्न, सगळा कालवा. आजी पार झाल्या. ट्रॅक्टर धडधडत निघून गेला.

"पिकअपवाला थांबलाय," पंकजा म्हणाली. "आधी तुम्ही जा, असा हात करतोय."

"मग त्याला हात करून राम राम घाल आन् नीघ. कुनी वाट दिली तर घ्यावी, मागचे खोळंबत्यात. जा."

गाडी निघाली आणि जागच्या जागी करकचून थांबली. बॉनेटसमोरून काहीतरी अवजड घोंगावत गेलं. धूळ आत आली. चौकातली माणसं ओरडली.

"काय हुतं ते?"

"टेम्पो. डावीकडून घुसला, हॉर्न न देता."

 जा, असं आप्पांनीच म्हटलं होतं.

"गाडी कडंला घे."

पंकजानं गाडी कडेला लावली. आप्पांनी चाचपडत किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"उद्यापासनं येऊ नको, पोरी. मला दिसत न्हाई. लई दिवस झाले. तू सांगतीस तेवढंच मला दिसतं. मला घराभायेर पडायला मिळतंय म्हनून गप राहिलो, आन् तुझा जीव जात हुता आत्ता."

 पंकजानं त्यांचा एक हात ओढून स्वतःच्या हातात घेतला.

"तो टेम्पो तुम्हाला दिसला असता, तर मला काय सांगितलं असतं?"

"ब्रेक दाब म्हनलो असतो."

"मग तेच केलं ना मी? उद्या शिरूरच्या रस्त्यानं जाऊ. तिकडचे चौक मला नीट ठाऊक नाहीत."

"आगं, मी काय सांगतोय तुला—"

काचेवर टकटक झाली. पंकजानं काच खाली घेतली. पिकअपवाला गाडी बाजूला लावून धावत आला होता.

"कुनाला लागलं न्हाई ना?" त्यानं धापा टाकत विचारलं आणि एकदम त्याचा आवाज खुलला. "आरं तिच्या! मॅडम, तुमी हाय व्हय? तरीच म्हनलं, असा ब्रेक दुसरं कोन मारनार! श्रीगोंद्याला तुमच्याच ड्रायव्हिंग स्कूलात गाडी शिकलो की मी."

मग तो खिडकीत वाकला आणि आप्पांकडं बघून हसला.

"आज गाडी शिकायला हे आजोबा काय?"