चिंगारीचा नवा अवतार

"आपला जबरजंग आजपर्यंत कधी पडला नाय, आणि पडणार पण नाय," हरेशशेठने माईकवर ठोकून दिलं. "उल्हासनगरचा माल आहे, साईं. फुल ग्यारंटी."

उल्हासनगर कॅम्प तीनच्या हॉलात हरेशशेठच्या कारखान्याची खेळणी विकणारे डीलर मांडीवर समोशाच्या प्लेटा घेऊन बसले होते. स्टेजवर जबरजंग छाती काढून उभा राहिला. पत्र्याच्या आणि फोमच्या त्या रोबोटात बदलापूरचा सुयोग घामाने निथळत होता. शेजारी चिंगारी. तिच्या आत खरवईची अक्षदा.

चिंगारी ह्या वर्षी वॉशिंग मशीन झाली होती.

यूट्यूबवरच्या कार्टूनच्या पहिल्या सीझनला ती क्रेन होती, पिवळीजर्द. पडता पूल हुकाने धरून ठेवायची. "लेडीज रोबोटला एवढी ताकद शोभत नाय," म्हणत हरेशशेठने पुढच्या सीझनला तिची गुलाबी अँब्युलन्स केली, मग टोपली लावलेली स्कूटी. स्टेजवरच्या चिंगारीसाठी नवा सांगाडा मात्र त्याने एकदाही घेतला नाही. अंबरनाथच्या एका गॅरेजातून आणलेली, मोटारीचं इंजिन उचलायची चाकांवरची क्रेन, तिच्यावरच दरवर्षी नवं थर्माकोल आणि नवा रंग. आत उभ्या उभ्या कंटाळा आला की अक्षदा नखाने खरवडत बसायची. पांढऱ्याखाली गुलाबी लागायचा. आणखी खरवडलं की पिवळा.

सकाळीच तिने विषय काढला होता. "शेठ, जत्रेत पोरी मला अजून क्रेनताई म्हणून हाका मारतात. क्रेनच ठेवा ना."

"आज वॉशिंग मशीनची ऑर्डर आली की क्रेनच्या खेळण्याचा साचा संध्याकाळी भंगारात," शेठ म्हणाला होता. "तू डोकं चालवू नको. तू फेस काढ."

आता स्टेजवर तो क्षण आला. जबरजंग लढाईवरून चिखलाने माखून परतला होता. "चिंगारी, माझा युनिफॉर्म!" रेकॉर्डिंग गरजलं.

"आत्ता धुते हं, जबरजंगजी," दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा गोड आवाज चिंगारीच्या पोटातून आला. अक्षदाने आत दातओठ खाल्ले.

पहिल्या रांगेतून कमळाबाई बोलली. अंबरनाथच्या जत्रेत खेळण्यांचा सगळ्यात मोठा ठेला तिचा. "काय रं हरेश, पोरी घरान धुनी धुतान, आन खेलन्यान पन धुनीच कं?"

"मावशी, पुढे बघा तर," शेठने खूण केली. अक्षदाने बटण दाबलं.

लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडून आणलेल्या फेसाच्या मशीनमध्ये शेठने स्वतःच्या हाताने डबल साबण ओतला होता. दार उघडलं आणि फेस आला तो थांबेचना. जबरजंगच्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. जबरजंगने ठरल्याप्रमाणे सलाम ठोकला, एक पाय मागे घेतला, आणि घसरत थेट स्टेज आणि पहिल्या रांगेतला सोफा यांच्या फटीत उताणा जाऊन बसला. तंगड्या वर. झुरळासारखे हातपाय हलायला लागले.

"जबरजंग कधी हरत नाही!" रेकॉर्डिंगने सांगितलं.

"अक्षे," आतून सुयोगचा चिरका आवाज आला, "फेस नाकात जातोय गं."

दोन डीलर ओढायला धावले, तेही घसरून त्याच्यावर पडले. तिसरा समोशासकट गेला.

"चिंगारी, फेस चालू ठेव!" हरेशशेठ माईकवरच ओरडला. "लोकांना प्लॅनिंग वाटलं पाहिजे!"

अक्षदाने फेस बंद केला. मग लाथ घातली. वॉशिंग मशीनचं गोल दार उडून कोपऱ्यात पडलं. दुसऱ्या लाथेला थर्माकोलची अख्खी बाजू गळाली आणि मागे दुमडून ठेवलेला पिवळा लोखंडी हात बाहेर आला. चाकं रेटत ती स्टेजच्या कडेला गेली, हुक सोडला, जबरजंगच्या कंबरपट्ट्यात अडकवला आणि वरचं बटण दाबलं. जबरजंग फेस गाळत वर आला. तिने त्याला मागे घेतलं, खालचं बटण दाबलं आणि कपाट भिंतीला लावावं तसं अलगद उभं केलं.

कमळाबाई उठली. "ही दे मना. ती धुन्याची तुज्या घरान ठेव."

"आम्हाला पण हीच," मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले.

हरेशशेठला सावरायला एक समोसा खाण्याइतकाही वेळ लागला नाही. "साईं, हाच तर आपला सरप्राइज होता! चिंगारी परत क्रेन! फक्त कलर गुलाबी करू, आणि हुकाला मस्त रिबिनीचा बो." बो कुठे बसेल ते दाखवायला तो हुक हातात धरून उभा राहिला.

"गुलाबी नाही, शेठ," अक्षदा आतून म्हणाली. "पिवळी."

"मालक कोण आहे गं? मी का तू?" असं म्हणून त्याने हुक सोडला आणि डीलरांना हात जोडायला पाठ फिरवली. हुक झुलला आणि त्याच्या पाठीमागे पट्ट्यात जाऊन बसला.

अक्षदाने पाहिलं. बटण दाबलं.

"ए, ए, खाली घे!"

"खालचं बटण फेसाने भिजलंय, शेठ."

"आत्ता तर चालत होतं!"

"आता वरचंच चालतंय."

माईक शेठच्या हातातच होता. तो समोशाच्या टेबलाच्या वर पोचेपर्यंत हॉलभर ऐकू येत होतं, "पिवळी, माझे आई, पिवळी."

पट्टाही उल्हासनगरचाच होता. तो तुटला.